जितूचा सत्कार

तळाशील म्हणजे वाळूची एक लांबट पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मधून एकच रस्ता. या रस्त्याच्या कडेला गुरुदास रेवंडकरचं दुमजली घर आहे आणि त्याला लागूनच त्याच्या चुलत भावाचं, जितेंद्रचं, कौलारू घर. दोन्ही घरांना खळं, म्हणजे पुढचं अंगण, एकच. या खळ्यात दोघे एकत्र खेळले, एकाच वर्षी बारावी झाले आणि एकाच एसटीने फोंडाघाटातून वर चढून कोल्हापूरला नौदलाच्या भरतीला गेले.

जितेंद्रला घेतलं. गुरुदासच्या डाव्या कानात डॉक्टरने बॅटरी मारून बघितलं आणि पडद्याला भोक आहे म्हणून त्याला रांगेतून बाजूला काढलं. लहानपणी खाडीत कालवं काढायला बुड्या मारून मारून तो कान गेला होता. खरं सांगायचं तर पोहण्यात, वल्हवण्यात, वाऱ्याचा अंदाज घेण्यात दोघांत गुरुदासच पुढे. जितूला होडीत बसलं की मळमळायचं.

परतताना फोंडाघाटच्या बाजारात एसटी थांबली. जितू उतरून दोघांसाठी गरम भजी घेऊन आला.

“खा रे. पुढल्या वर्षी परत येवया.”

“माका भूक नाय,” गुरुदास म्हणाला. सकाळपासून त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं. जितूने एकट्याने भजी खाल्ली, आणि तो खातानाचा आवाज गुरुदासला तळाशीलपर्यंत ऐकू येत राहिला, असं तो मला, त्याच्या शाळेतल्या सोबत्याला, पुढे एकदा म्हणाला होता.

मुंबईला मामाकडे राहून गुरुदासने कानाचं ऑपरेशन करून घेतलं. पण तोवर नौदलासाठी वय निघून गेलं होतं. मग त्याने खाजगी बोटींवरच्या खलाशाचं ट्रेनिंग घेतलं, एजंटांच्या ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या आणि मालवाहू बोटीवर लागला. काम त्याच्या हाडात होतं. काही वर्षांतच तो बोसन झाला. बोसन म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. दोर, साखळ्या, रंग, होड्या, आगीचे पाइप, सगळं त्याच्या ताब्यात. पगार डॉलरमध्ये. जुनं घर पाडून त्याने वर मजला चढवला, नम्रताशी लग्न केलं, मुलगी झाली, अपेक्षा. कोणालाही वाटावं, याचं चांगलं चाललंय.

चांगलंच चाललं होतं. पण सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला बोलावणं यायचं ते जितूला. पांढराशुभ्र युनिफॉर्म घालून तो रजेवर आला की वाडीतली म्हातारी माणसंसुद्धा खुर्ची पुढे सरकवायची. लग्नाच्या मांडवात मुली त्याच्याबरोबर फोटो काढायच्या. गुरुदास रजेवर आला की लोक विचारायचे, “खंयच्या बोटीवर आसंस आता?”

“झेंडो लायबेरियाचो. मालक ग्रीक. ऑफिस सिंगापूराक.”

एवढं ऐकेपर्यंत विचारणाऱ्याची नजर दुसरीकडे गेलेली असायची. जितूचं एका वाक्यात संपायचं. भारतीय नौदल. त्यापुढे कोणी काही विचारत नसे, आणि जितू तिथे नक्की काय करतो हेही कोणी विचारत नसे. तो सामानाच्या शाखेत होता. बहुतेक नोकरी त्याची गोदामांत गेली, आधी विशाखापट्टणम, मग मुंबई, मग कारवार. लपवत नव्हता तो. विचारलं तर सांगितलं असतं.

गुरुदासला हे माहीत होतं आणि हे माहीत असण्याने तो जास्त जळत होता. घरी आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आत तो विचारायचा, “जितू इलो काय रजेर?” नम्रता एकदा वैतागून म्हणाली, “तुमका चेडवाची, अपेक्षाची, आठवण नंतर येता. आधी जितू.”

त्याने मुलीला उचलून घेतलं. पण त्या रजेत जितूने कारवारहून सगळ्यांसाठी काजू आणले, तर गुरुदासने आपल्या वाट्याचे शेजारच्या पोरांना वाटून टाकले.

दोन हजार चोवीस साल नुकतंच लागलं होतं. लाल समुद्रात येमेनच्या किनाऱ्यावरून बोटींवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं येत होती. मोठमोठ्या कंपन्या आपल्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून नेत होत्या. गुरुदासची बोट जॉर्डनच्या अकाबा बंदरात खत भरत होती. ते खत आंध्रात काकीनाड्याला द्यायचं होतं. वळसा घालायचा तर प्रवास कितीतरी पट लांबणार. मालकाने कळवलं, सरळ जा.

निघायच्या आधी गुरुदास आणि त्याची माणसं कठड्याभोवती काटेरी तारांची भेंडोळी बांधत होती, ब्रिजच्या, म्हणजे जिथून बोट चालवतात त्या खोलीच्या, खिडक्यांपुढे वाळूच्या गोणी रचत होती. शेजारच्या धक्क्याला एक चिनी बोट होती. तिचा बोसन गुरुदासच्याच वयाचा, अंगाने गुबगुबीत, दोर बांधायच्या खुंट्यांना पिवळा रंग देत बसला होता. मधेच तो उठून आला, धक्क्यावरूनच याला सिगारेट दिली आणि मोबाइलमध्ये काहीतरी बोलला. मोबाइलने हिंदीत सांगितलं, “आप इतनी मेहनत क्यों कर रहे हैं? हमें कोई कुछ नहीं करता.”

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखरच नवल वाटत होतं. गुरुदासने सिगारेट पेटवली आणि त्या माणसाकडे बघत राहिला. याचे हात तारांनी ओरबाडलेले आणि त्याचे हात रंगाने माखलेले. त्याच समुद्रातून, त्याच आठवड्यात, दोघेही जाणार होते. तो चिनी मात्र आपल्या कॅबिनमध्ये घोरत जाणार होता.

“माका सिगारेट कडू लागली,” गुरुदासने मला सांगितलं. “जितूच्या त्या न खाल्लेल्या भज्यांसारखीच.”

संध्याकाळी जेवणाच्या खोलीत याचीच चर्चा. सेकंड मेट, म्हणजे बोटीवरचा एक अधिकारी, अजय हा पुण्याचा मुलगा, वाचणारा, बोलायला लागला की थांबत नसे. बोटीवर मराठी बोलणारे हे दोघेच, त्यामुळे गुरुदासशी त्याचं जमायचं.

“बोसन, साधी गोष्ट आहे,” अजय म्हणाला. “चीन या भागात सगळ्यांकडून तेल घेतो. सौदीकडून घेतो, इराणकडूनही घेतो. बंदरं बांधून देतो, क्रेन देतो, कर्ज देतो. समोर जिबूतीला त्याचा स्वतःचा तळ आहे. आणि भांडण कोणाचंही असो, हा म्हणतो आम्ही त्यात नाही. मग त्याच्या बोटीला कशाला कोण हात लावेल?”

“आणि अमेरिका?”

“अमेरिकेचं नाव दिसलं की क्षेपणास्त्र येतं. पण क्षेपणास्त्र पाडणारी जहाजंही जास्त करून तिचीच. आणि तुमचा माझा पगार कशात येतो? डॉलरमध्ये. आपण ना अमेरिकन, ना मालक अमेरिकन, तरी डॉलर.” अजयने ताटातली पोळी बाजूला सारली. “इंग्रजांचं तर बघा. राज्य जाऊन किती वर्षं झाली. पण आपल्या बोटीचा विमा लंडनला. हा समुद्र धोक्याचा आहे असं तिथल्या चार माणसांनी एका खोलीत बसून ठरवलं की दुसऱ्या दिवशी जगभर विम्याचे भाव चढतात. राज्य सोडलं, पण ती खोली काही सोडली नाही त्यांनी.”

गुरुदास ऐकत होता. वीस वर्षं तो या सगळ्याच्या मधून फिरत होता. ग्रीसच्या बंदरात चिनी कंपनीची पाटी त्याने पाहिली होती. रेडिओवर अमेरिकन युद्धनौकेचा आवाज आला की मोठमोठे कॅप्टन कसे ‘सर, सर’ करतात, तेही ऐकलं होतं. पण हे सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे, आणि त्या जोडणीत आपण कुठे आहोत, हा विचार त्याने कधी केला नव्हता.

“पूर्वीही हेच होतं,” अजय म्हणाला. “तुमच्या मालवणच्या समुद्रात पोर्तुगीज कार्ताझ द्यायचे. कार्ताझ म्हणजे परवाना. तो विकत घेतला नसेल तर गलबत पकडायचं, माल लुटायचा. समुद्र कोणाच्या बापाचा नव्हता, पण कागद त्यांचा चालायचा. कारण तोफा त्यांच्याकडे.”

“आणि आमचे लोक काय करीत होते?”

“आधी तेही घेत होते कार्ताझ. मग मराठ्यांनी आरमार उभं केलं आणि पुढे स्वतःचे परवाने द्यायला लागले. ज्याचं आरमार, त्याचा कागद.”

दुसऱ्या दिवशी निघताना कॅप्टनने, हा मलयाळी मनुष्य, फार शांत, बोटीची ओळख सांगणाऱ्या यंत्रात एक ओळ भरली. आजूबाजूच्या सगळ्या बोटींना आणि किनाऱ्यावरच्या ज्याला हवं त्याला ती पडद्यावर दिसते. एरवी तिथे पुढच्या बंदराचं नाव असतं. कॅप्टनने लिहिलं: सगळे खलाशी चिनी.

ब्रिजवर गुरुदास उभा होता. त्याला राहवलं नाही.

“साब, हमारा नाम लिखेंगे तो? सब खलासी इंडियन?”

कॅप्टनने त्याच्याकडे पाहिलं. रागावला नाही. “लिहिता येईल,” तो हिंदीत म्हणाला. “पण चिनी लिहिलेल्या बोटी सुखरूप गेलेल्या मी पाहिल्या आहेत. आपलं लिहून काय होतं ते मला माहीत नाही. प्रयोग करायला माझ्याकडे एकच बोट आहे.”

गुरुदास खाली डेकवर आला आणि पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला. आयुष्यभर दुसऱ्याच्या झेंड्याखाली काम केलं, त्याचं त्याला फारसं काही वाटलं नव्हतं. पण आज नावही दुसऱ्याचं लावून जीव वाचवायचा होता. आणि ज्याचं ते नाव होतं तो गुबगुबीत माणूस पुढच्या बोटीवर निवांत असणार होता. गुरुदासच्या मनात त्या माणसाचा चेहरा आणि जितूचा चेहरा सारखे एकमेकांत मिसळायला लागले. दोघांनाही काही करावं लागत नव्हतं. नाव सांगितलं की झालं.

बाब-एल-मंदेबची चिंचोळी सामुद्रधुनी त्यांनी ओलांडली. काही झालं नाही. एडनच्या आखातात आल्यावर सगळे जरा सैल झाले. स्वयंपाक्याने शिरा केला. सकाळचं ऊन पडलं होतं, गुरुदास पाठच्या डेकवर दोर गुंडाळत होता, तेव्हा मोटरसायकलसारखा आवाज आला. त्याने वर बघितलं आणि तेवढ्यात बोटीच्या राहण्याच्या इमारतीवर, उजव्या अंगाला, ड्रोन येऊन आपटला.

नाव कोणीही कोणतंही लिहू शकतो, हे पाठवणाऱ्यालाही कळत असणार. मालक कोण, मालकाचा धंदा कोणाशी, अमेरिकेशी आहे का, हे इंटरनेटवर पोरंसुद्धा शोधतात.

आग खालच्या मजल्यावरच्या कॅबिनींना लागली. गुरुदासने माणसं गोळा केली, पाइप जोडले, पंप सुरू केला. पाणी आलं आणि पहिला पाइप मधोमध फाटला. दुसरा जोडला. तो सांध्याजवळ फुटला. कापड कुजलं होतं. हे त्याला ठाऊक होतं. प्रत्येक बंदरात त्याने नवे पाइप मागितले होते आणि प्रत्येक वेळी ऑफिसकडून उत्तर आलं होतं की पुढच्या बंदरात बघू. फाटका पाइप हाताने दाबून धरताना गरम लोखंडी दाराला त्याचा डावा हात लागला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. त्याने पाइप सोडला नाही. एका इंजिन खलाशाला धुरातून बाहेर ओढलं तेही त्याच हाताने.

कॅप्टन रेडिओवर मदत मागत होता. आखातात कोणकोणत्या देशांची जहाजं होती देव जाणे. उत्तर आलं ते आपल्या नौदलाच्या युद्धनौकेचं. आधी इंग्रजीत विचारपूस झाली, किती माणसं, किती जखमी, मालात काय. मग तोच आवाज हिंदीत म्हणाला, “घबराइए मत. हम आ रहे हैं.”

ब्रिजवर कोणीतरी रडायला लागलं. आगीची खबर द्यायला वर आलेल्या गुरुदासला अजयने मिठी मारली. गुरुदास म्हणतो, मला आनंद झाला, पण तो नंतर. आधी छातीत एक कळ आली ती जितूच्या नावाची होती.

दुपार कलायच्या आत राखाडी रंगाची ती नौका शेजारी येऊन उभी राहिली. तिच्यावरून रबरी बोटींतून आग विझवणारी पोरं वर चढली. विशीतली पोरं. बिहारचं कोण, पंजाबचं कोण. अंगावर जाड अग्निरोधक कोट, पाठीवर हवेची नळकांडी. त्यांनी सोबत स्वतःचे पाइप आणले होते. कोरे, घट्ट विणीचे, पितळी तोंडं चकचकीत घासलेली. पाणी सोडलं आणि ते पाइप सापासारखे ताठ झाले, आणि एकही कुठे गळला नाही. संध्याकाळच्या आत आग विझली.

हाताला बँडेज बांधून घेताना गुरुदास त्या पोरांकडे बघत बसला होता. असाच कोट माझ्या अंगावर असता. याच दोरीच्या शिडीवरून मी चढलो असतो, यांच्यापेक्षा चपळ. दुसऱ्या कोणाच्या बोटीवरच्या घाबरलेल्या माणसाला मी सांगितलं असतं, घाबरू नका. बँडेज बांधणाऱ्या मुलाला त्याने विचारलं, “जितेंद्र रेवंडकरको जानते हो? चीफ पेटी ऑफिसर?” मुलाने नकारार्थी मान हलवली. नौदल केवढं मोठं, तो कसा ओळखणार? गुरुदासला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

जिबूतीच्या इस्पितळात हातावर उपचार करून कंपनीने त्याला घरी पाठवलं. कणकवली स्टेशनवर नम्रता आणि अपेक्षा न्यायला आल्या होत्या. अपेक्षाने त्याचा चांगला हात जो धरला तो रिक्षातही सोडला नाही. तोंडवळीवरून तळाशीलच्या रस्त्याला लागताच एक मोठा फ्लेक्स दिसला. पांढऱ्या युनिफॉर्ममधला जितू माणसाच्या दुप्पट आकाराचा. मागे युद्धनौका, वर तिरंगा. ‘भारतीय नौदलाचे शूर सुपुत्र जितेंद्र गंगाराम रेवंडकर यांचा जाहीर सत्कार’. खालच्या कोपऱ्यात टिकलीएवढ्या गोलात गुरुदासचा पासपोर्टवरचा फोटो आणि ‘सुखरूप परतल्याबद्दल अभिनंदन’.

“ह्यां काय?” गुरुदास म्हणाला.

“मंडळान लावलानी,” नम्रता हळूच म्हणाली. “नौदलान तुमका वाचवल्यान, म्हणान.”

“आणि जितू खंय होतो तेव्हा?”

“कारवारात.”

रविवारी शाळेच्या पटांगणात कार्यक्रम होता. जितू दोन दिवसांची रजा काढून आला होता. तो आल्या आल्या गुरुदासच्या पडवीत येऊन बसला, हाताची चौकशी केली आणि म्हणाला, “माका कित्याक बोलावल्यानी कळणा नाय. मी नको म्हटलंय. परशुराम आयकणा नाय.”

परशुराम हा वाडीतल्या मंडळाचा अध्यक्ष. त्याचा बेत असा की शाल आणि श्रीफळ गुरुदासच्याच हातून जितूला द्यायचं. वाचलेल्याने वाचवणाऱ्याला. फोटो चांगला येईल.

गुरुदासने नकार दिला नाही. पांढरा शर्ट घालून, बँडेजचा हात गळ्यात अडकवून तो गेला. पुढच्या रांगेत गंगारामकाका बसले होते, जितूचे वडील. या दोघांनाही होडी वल्हवायला त्यांनीच शिकवलं होतं. गुरुदासने एका हाताने जितूच्या खांद्यावर शाल टाकली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. परशुरामने माईक त्याच्यापुढे धरला. “दोन शब्द बोल रे, गुरुदास.”

गुरुदास म्हणाला, “माझी बोट जळत होती तेव्हा आमचो जितू खंय होतो, कोणाक ठावक आसा? कारवारच्या गोदामात. पाइप आणि रंगाचे डबे सांभाळीत होतो. माका वाचवलेली पोरां येगळी. ती हंय नाय. तुमी शाल घालूक बोलावल्यात, मी घातलंय.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग कोणीच हसेना. परशुरामने माईक काढून घेतला आणि कोणाला तरी राष्ट्रगीत सुरू करायची खूण केली. राष्ट्रगीत होईपर्यंत जितू ताठ उभा होता. संपल्यावर त्याने शाल काढली, नीट घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि खाली बघत निघून गेला. गंगारामकाका त्याच्यामागून गेले. जाताना त्यांनी गुरुदासकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर नम्रताने जेवण वाढलं. ताट पुढे ठेवून ती म्हणाली, “झालां समाधान?”

गुरुदासने घास घेतला. समाधान व्हायला हवं होतं. एवढ्या वर्षांचं एका क्षणात फिटायला हवं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे त्या कोऱ्या पाइपांची घासलेली पितळी तोंडं येत होती. ती कोणीतरी घासली होती. कोणीतरी ते पाइप मागवले होते, जुने झाले म्हणून कुजायच्या आधी बदलले होते, वेळेवर बोटीवर चढवले होते. गावात दुसऱ्या कोणाला नसेल, पण बोसनला हे कळत होतं. फाटका पाइप हातात धरून तो आगीपुढे उभा राहिला होता. आणि तेच गोदाम त्याने भर सभेत शिवी दिल्यासारखं जितूच्या तोंडावर मारलं होतं.

दुसऱ्या दिवशी जितू परत जायचा होता. सकाळी तो खाडीच्या बाजूला वडिलांच्या उपड्या घातलेल्या होडीला तेल लावत होता. गुरुदास जाऊन उभा राहिला.

“जितू.”

“बोल.” हात चालूच होता.

“काल मी बोललंय तां...”

“खोटां खंय बोललंस? गोदामातच होतंय.”

“माझ्या बोटीवरचे पाइप फुटले रे. कुजलेले. दर बंदरात मागितलंय, कोणी दिल्यान नाय. तुमच्या पोरांचो एक पण पाइप फुटलो नाय.”

जितूचा हात थांबला. “म्हणजे तुका ठावक होता. पाइप खंयसून येता तो.”

“होता.”

“आणि तरी बोललंस?”

“ठावक होता म्हणानच बोललंय.”

जितूने फडकं तेलाच्या डब्यात बुडवलं, पिळलं आणि परत बुडवलं. मारेल की काय असं गुरुदासला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“एक बोट एवढ्या लांब म्हयनोन्म्हयने उभी करूची म्हणजे मागे केवढां लागता,” जितू शेवटी म्हणाला. “पीठ लागता, औषधां लागतत, वायसर, बेल्ट, पाइप लागतत. एक वायसर नाय इलो तर बोट परत फिरता. मगे त्या समुद्रात दुसऱ्याची बोट उभी रवता, आणि लोक तेका सलाम करूक लागतत. लोकांका बोट दिसता. ती थंय रवता कशी, तां कोण विचारणा नाय.” त्याने होडीवरून फडकं फिरवलं. “मी पण कधी सांगूक नाय. गोदाम म्हटल्यार झेंडावंदनाक कोण बोलावतलो?”

हे बोलून तो किंचित हसला. गुरुदासला हसू आलं नाही. तो तिथेच वाळूत बसला आणि म्हणाला, “माका युनिफॉर्म होयो होतो रे. दुसरां काय नाय.”

“ठावक आसा. फोंड्याक भजी खाल्लंस नाय तेव्हापासून ठावक आसा.”

एवढंच बोलणं झालं. दुपारी जितू कारवारला गेला. गंगारामकाकांनी मात्र गुरुदासशी बोलणं टाकलं ते चतुर्थीपर्यंत. गणपतीच्या आरतीला त्यांनी त्याच्या हातात झांज दिली, तेव्हा वाडीने समजायचं ते समजून घेतलं. परशुरामचा फ्लेक्स पावसात फाटला आणि कोणीतरी त्याचा कापडासारखा उपयोग लाकडं झाकायला केला.

गुरुदासचा हात भरला, पण दोन बोटं वळेनाशी झाली. मुंबईच्या डॉक्टरने त्याला बोटीवर जायला सध्या योग्य नाही असं लिहून दिलं. परत तपासणी होईपर्यंत घरी बसणं आलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच तो सलग एवढा काळ गावात राहिला. माडांना पाणी घालायचा, मुलीला शाळेत सोडायचा, आणि संध्याकाळी समुद्राकडे बघत उभा राहायचा.

पुढच्या हिवाळ्यात जितूची कारवारच्या गोदामातून एका युद्धनौकेवर बदली झाली. सामानाचा प्रमुख म्हणून. नौका एडनच्या आखाताकडे निघाली होती. ही बातमी गुरुदासला खळ्यात कपडे वाळत घालणाऱ्या जितूच्या बायकोकडून, स्वप्नाकडून कळली. तो ‘बरां झालां’ म्हणाला आणि घरात येऊन खिडकीशी बसून राहिला. त्याच समुद्रात, त्याच वाटेने, आणि आता युनिफॉर्ममध्ये. आपण इथे माडांना पाणी घालतोय. पुन्हा तीच आग. इतकं सगळं होऊनसुद्धा ती विझली नव्हती, याचं त्यालाच नवल वाटलं.

चार-पाच दिवसांनी तिन्हीसांजेच्या आधी स्वप्ना पडवीत आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

“भावजी, एक विचारूचा होता. थंय समुद्र कसो आसता?”

गुरुदासने तिच्याकडे पाहिलं. ड्रोनचा तो मोटरसायकलसारखा आवाज त्याला आठवला. तिथे धोका किती आहे हे विचारायला ती आली आहे, ते त्याला कळलं. पण तिने विचारलं होतं ते वेगळं होतं, आणि आजवर गावात कोणी ते त्याला विचारलं नव्हतं.

“बस गो,” तो म्हणाला. “ह्या दिवसांत थंय समुद्र एकदम शांत. तेलासारखो. पावसाळ्यात सोकोत्रा बेटाकडे बोट उभी फाटात की काय वाटता, पण आता काय नाय. सकाळी डॉल्फिन येतत, बोटीच्या पुढे पुढे धावतत. पाणी निळां नाय, हिरवां पण नाय, आमच्या खाडीसारखां तर नायच...” तो सांगत गेला. माशांचे थवे, धुळीचं वादळ आल्यावर लाल होणारं आभाळ, जिबूतीचा तो रखरखीत डोंगर. जितूला मळमळेल की काय, असं तिने मधेच विचारलं. “आता मळमळूचा नाय,” तो म्हणाला. “मोठी बोट. आणि जेवणाचां सामान त्येच्याच ताब्यात, मळमळीवर आल्याचो तुकडो आपणासाठी नक्की ठेवतलो.” ती हसली. अंधार पडायला लागला तशी ती दिवा लावायला उठून गेली.

नम्रता दारात चहाचा कप घेऊन केव्हाची उभी होती.

“अजून जळता?” तिने विचारलं.

गुरुदासने कपासाठी हात पुढे केला. “जळता,” तो म्हणाला. “पण तो सुखरूप येवं दे.”

“चाय थंड झाली,” नम्रता म्हणाली आणि कप परत गरम करायला आत घेऊन गेली.